मापं

किल्ल्यातल्या तुरुंगात शिरताना
मोबाइल, पर्स, केसातला चाप
आणि पदराची सेफ्टी पिन
काढून ठेवावी लागते.
झडती घेणारी शिपाईबाई रोज विचारते,
"शिकाऊ ना? अजून?"
अजून.
तीनशे तास आत बसायचं, मग कागद मिळतो.
माझे एकशे बारा झालेत.

त्याआधी अठरा वर्षं
सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंडं निवडली.
गड्डा वेगळा, कणी वेगळी,
किडकं पायाशी.
नदाफ मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या,
"ती सवय तेवढी दाराबाहेर ठेव, रत्नमाला.
इथं निवडायचं नसतं."

वर्गात त्या खोट्या खोट्या कैदी व्हायच्या.
खुर्ची मागं कलंडवून,
नसलेली बिडी ओठाशी नेत.
मी म्हणायचे, "सोडा की आता. पोरांकडं बघा."
त्या झटकन सरळ बसायच्या.
"नापास.
हे त्याला आई सांगून दमली,
जज्जानं सांगितलं, गावातल्या गुरवानं सांगितलं.
तू नवीन काय आणलंस?"
मी काहीच नव्हतं आणलं.
"मग तेच घेऊन जा."

कलमं पाठ केली.
अटकेनंतर तिसऱ्या रात्री
माणसाला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या
तर ते ढोंग नसतं,
डॉक्टरला उठवायचं असतं.
त्याआधी हवालदाराला कसं उठवायचं
ते पुस्तकात नव्हतं.

मंगळवारी सुकुमार मगदूम.
फॉर्मवर प्रश्न चौथा: रोज किती?
"किती म्हणजे कुठलं?" त्यानं विचारलं.
"घरात सांगायचो ते, दुकानात सांगायचो ते,
का पोलिसांनी लिहिलंय ते?"
अडत दुकानात दिवाणजी होता.
घर असं, की दिवेलागणीनंतर
कुणी पाणीसुद्धा पीत नाही.
"म्हणून तर दिवेलागणीनंतर प्यायचो, बाई.
वास आला तरी तोंड उघडणार कोण?"

मिरजेच्या वळणावर त्याच्या टेम्पोखाली
एक माणूस आला. त्याचं नाव तो घेत नाही.
मीही विचारत नाही.
मनात आकडे मोजते.
शांततेला घाई करायची नाही, असं शिकवलंय.

एकोणिसाव्या आकड्याला तो म्हणाला,
"नखं पिवळी हायत तुमची.
कुणाच्या अडतीला होता?"
आणि मी सांगायच्या आतच,
"घरी कोण प्यायचं?"

यावर पुस्तकात उत्तर आहे:
हा प्रश्न तुम्हाला आत्ता का विचारावासा वाटला?
जिभेवर आलं होतं ते.

भाऊ होता.
बाटलीवर मी हळदीच्या बोटानं
रेघ ओढून ठेवायचे, किती उतरली ते कळावं म्हणून.
तो पाणी घालून रेघेपर्यंत भरायचा.
मला माहीत होतं. मला माहीत आहे
हे त्यालाही माहीत होतं.
शेवटच्या वर्षी तर तोच म्हणायचा,
"ताई, रेघ पुसट झालीय, परत ओढ की."
आणि मी ओढायचे.

यातलं काहीच बोलले नाही.
फक्त हात टेबलाखाली नेले नाहीत.

त्यानं फॉर्म स्वतःकडं ओढला.
दिवाणजीचं अक्षर, वळणदार.
'किती'च्या पुढं एक आकडा लिहिला, खोडला.
वर दुसरा, मोठा.
थांबला. पंख्याकडं बघितलं.
तोही खोडला.
तिसरा लिहून पेन माझ्या बाजूला सरकवलं,
टोपण लावून.

नदाफ मॅडम म्हणाल्या, "खाडाखोड ऑफिसात चालत नाही.
नवा फॉर्म लिहून आण."
दारापर्यंत गेले तेव्हा,
"हा फाडू नकोस पण."

पिन परत घेतली.
वहीत लिहिलं, एकशे तेरा.
राजवाडा चौकात भडंगवाल्यानं
माप हातात धरून विचारलं, "किती?"

मला पटकन सांगता आलं नाही.